१९५७ च्या सीनियर टीटीमध्ये कोण जिंकलं? ताशी शंभर मैलांची फेरी तेव्हाच झाली का?

हो, तेव्हाच. आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटीचं, म्हणजे टूरिस्ट ट्रॉफी या मोटारसायकल शर्यतींचं, ते सुवर्णमहोत्सवी वर्ष, म्हणून ५०० सीसीची सीनियर शर्यत नेहमीपेक्षा लांब, आठ फेऱ्यांची ठेवली होती. एक फेरी जवळपास ३८ मैलांची, तीही गावातून, डोंगरावरून, दगडी भिंतींना खेटून जाणाऱ्या रस्त्यांवर.

पहिला आला स्कॉटलंडचा बॉब मॅकइन्टायर, चार सिलिंडरच्या ५०० सीसी गिलेरा या इटालियन मोटारसायकलवर. वेळ ३ तास २ मिनिटं ५७ सेकंद. दुसरा जॉन सर्टीज, एमव्ही ऑगस्टावर, दोन मिनिटांहून जास्त मागे. तिसरा ऑस्ट्रेलियाचा बॉब ब्राउन, तोही गिलेरावरच. मॅकइन्टायरची सर्वात वेगवान फेरी ताशी १०१.१२ मैलांची, म्हणजे सुमारे १६३ किमी. शंभरीच्या वरची ही टीटीतली पहिलीच कामगिरी. त्याच आठवड्यात ३५० सीसीची ज्युनियर शर्यतही त्यानेच मारली होती.

एक गंमत बघा. त्याची शर्यतीतली सरासरी ताशी ९८.९९ मैल, आणि त्यात पेट्रोल भरायला थांबणंही आलं! तीन तास असं गाडी हाणायची म्हणजे खायचं काम नाही. गिलेराला पुढचं चाक झाकणारं मोठं कवचही होतं. सरळ रस्त्यावर त्याचा फायदा व्हायचा, पण आडव्या वाऱ्यात गाडी सांभाळणं जिवावर यायचं. १९५८ पासून त्यावर बंदीच आली. गिलेरानेही १९५७ च्या हंगामानंतर शर्यतींतून अंग काढून घेतलं.