लंगडणे, पाय ओढणे, तोल जाणे: बदललेल्या चालीसाठी नेमके शब्द

प्रश्न असा आला आहे: 'वडिलांची चाल वर्षभरात बदलली आहे. उजवे पाऊल घासत जाते, चालताना उजवा हात हलत नाही आणि वळताना ते बरीच छोटी पावले टाकतात. आई म्हणते ते लंगडतात, काका म्हणतात तोल जातो, शेजारी म्हणतात लकव्याची सुरुवात आहे. हे शब्द एकाच अर्थाचे आहेत का, आणि डॉक्टरांना सांगताना कोणता वापरावा?'

हे शब्द एकाच अर्थाचे नाहीत, आणि मज्जासंस्थेच्या विकारांत तर त्यांच्यातला फरक फार मोलाचा ठरतो, कारण रुग्ण कसा चालतो यावरूनच बिघाड मेंदूत, मज्जारज्जूत, पायाच्या नसेत की स्नायूत असावा याचा पहिला अंदाज बांधला जातो.

आधी 'लकवा' बाजूला ठेवू. तो चालीचे वर्णन करीत नाही, निदान सांगतो. शिवाय बोलीत तो अर्धांगवायूला, तोंड वाकडे होण्याला आणि कधीकधी कंपवातालाही सरसकट लावला जातो. ही गल्लत केवळ मराठीतली नाही. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली कंपवातावर निबंध लिहिला, तेव्हा त्याच्या शीर्षकातच या रोगाला 'थरथरता लकवा' अशा अर्थाचे नाव होते. पुढे पॅरिसचे मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी आक्षेप घेतला की या रुग्णांची शक्ती गेलेली नसते, म्हणून लकवा म्हणणे चूक आहे, आणि त्यांनीच रोगाला पार्किन्सन यांचे नाव सुचवले.

'लंगडणे' म्हणजे एका पायावर भार देण्याचे टाळत किंवा तो पाय आखूड असल्याप्रमाणे चालणे. गुडघा, खुबा किंवा टाच दुखत असेल तर हा शब्द बरोबर आहे. अर्धांगवायूनंतरची चाल मात्र वेगळी असते. तिथे पाय ताठ राहतो, गुडघा नीट वाकत नाही, म्हणून माणूस तो पाय कमरेपासून बाहेर नेऊन अर्धवर्तुळात फिरवत पुढे टाकतो आणि त्याच बाजूचा हात कोपरात दुमडून छातीजवळ राहतो. याला नुसते 'पाय ओढतो' म्हणण्यापेक्षा 'पाय बाहेरून फिरवून टाकतो' असे म्हणावे. (हात किंवा पाय एकाएकी लुळा पडला, तर शब्द शोधत बसू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे.) गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस निकामी झाली, जसे कुष्ठरोगात होऊ शकते, तर चवडा खाली लोंबतो, तो जमिनीत अडकू नये म्हणून माणूस गुडघा उंच उचलतो आणि पाऊल टाकताना चवडा आधी आपटतो. इथे 'पाय ओढणे' उलटाच अर्थ देईल.

सर्वांत फसवा शब्द 'तोल जाणे' हा आहे, कारण त्यात निरनिराळे विकार लपतात. लहान मेंदूच्या विकारात माणूस पाय फाकवून, झोकांड्या खात चालतो आणि टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालणे त्याला जमत नाही. तळव्यांची आणि सांध्यांची जाणीव गेलेला माणूस पाय आपटत, नजर जमिनीवर ठेवून चालतो. त्याचा तोल अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटल्यावर जातो, आणि बर्लिनचे डॉक्टर रोमबर्ग यांच्या नावाने ओळखली जाणारी, डोळे मिटून उभे करण्याची परीक्षा हेच तपासते. कंपवातात पावले छोटी होतात, जमिनीला घासतात, दारात पाय खिळल्यासारखे थबकतात आणि पुढे झुकलेले शरीर सावरण्यासाठी पावलांचा वेग आपोआप वाढत जातो. या वेगाला 'लगबग' म्हणू नये. लगबगीत माणसाची इच्छा असते, इथे ती नसते.

असे बारकावे आपल्या परंपरेला नवे नाहीत. सुश्रुतसंहितेत एक पाय निकामी झालेला 'खंज', दोन्ही पाय निकामी झालेला 'पंगु' आणि चालू लागताना कापणारा, लंगडल्यासारखा जाणारा 'कलायखंज' असे तीन वेगळे शब्द आहेत. कलाय हे कडधान्य आहे, आणि रोगाच्या नावातच ते यावे हे मला फार महत्त्वाचे वाटते. कारण कडधान्याने चाल खरोखरच बिघडू शकते: पूर्व विदर्भात पिकणारी लाखोळी डाळ दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ली गेली, तर दोन्ही पाय ताठरतात आणि माणूस चवड्यांवर, पाय कात्रीसारखे एकमेकांपुढे टाकत चालतो. मराठीतले 'लंगडा' आणि 'पांगळा' हे शब्द आज जोडीने, बहुधा बेफिकिरीने येतात. पण 'पांगळा' हा पंगूपासून आलेला असून चालण्याची शक्तीच हरपलेल्या माणसासाठी आहे.

आपल्या वडिलांच्या बाबतीत, आपण लिहिले आहे त्यावरून, 'लंगडतात' हा शब्द मला योग्य वाटत नाही, आणि 'तोल जातो' हाही केवळ ते खरोखर कलंडत किंवा पडत असतील तरच वापरावा. निदान सुचवणारा कोणताही शब्द न वापरता डॉक्टरांना इतकेच सांगावे: 'वर्षभरापासून उजवे पाऊल घासते, चालताना उजवा हात हलत नाही, वळायला बरीच पावले लागतात.' हात कापत असेल, तर तो मांडीवर स्वस्थ असताना कापतो की पेला उचलायला गेल्यावर, हेही पाहून ठेवावे. पहिली खूण कंपवाताकडे बोट दाखवते, दुसरी बहुधा अन्य कारणांकडे.