घरच्या कंप्युटरवर सारखं डेस्कटॉप बदलून वैताग आलाय, शेवटी कुठलं एकच ठेवू?

तुम्ही लिहिलंय की उबंटूवर (म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारावर) ग्नोम हा डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-मेनू दाखवणारा भाग, अडखळतो म्हणून केडीई हा दुसरा टाकला, तोही अडखळायला लागला, आता एक्सएफसीई हा तिसरा उतरवायला लावलाय आणि घरचे ओरडतायत. एक्सएफसीई उतरू द्या, पण त्यात लॉगिन करायच्या आधी हे वाचा. मी सांगलीत गावभागात राहतो आणि हा सगळा खेळ दीड वर्ष खेळून बसलोय.

आमचं मशीन २०१४ चं, असेंबल केलेलं. आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गल्लीत शिरायला लागलं तेव्हा बाबांनी टीव्हीच्या आधी सीपीयू उचलला आणि वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवला, कारण त्यात अपार्टमेंटचे हिशेब होते. टीव्ही गेला, सीपीयू वाचला. म्हणजे कंप्युटर कुणाचा हे तेव्हाच ठरलेलं होतं, मला मात्र पुढे बराच काळ तो माझाच वाटत राहिला.

त्रास तुमच्यासारखाच. फोल्डर उघडलं की खिडकी पांढरीफटक, आणि दहा-दहा सेकंद नुसतं गोल फिरणारं चक्र. मी ठरवून टाकलं की ग्नोम जड आहे. केडीई टाकलं, चार दिवस मस्त वाटलं, मग परत चक्र. मग मेट, मग सिनॅमन, मग एक्सएफसीई. दर वेळी आठवडाभर वाटायचं की आता पळतंय.

एक्सएफसीई मी एका शनिवारी रात्री टाकलं आणि झोपलो. बाबा अपार्टमेंटचे सेक्रेटरी, रविवारी सकाळी त्यांना सभेची नोटीस टाइप करायची होती. ते इनस्क्रिप्टवर (मराठी अक्षरांच्या ठरावीक कीबोर्ड-मांडणीवर) टाइप करतात आणि विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की मराठी येतं एवढंच त्यांना ठाऊक. ग्नोममध्ये मी ते कधीतरी लावून दिलं होतं. एक्सएफसीईत ते बटण दाबून काहीच होईना. "सर्वसाधारण सभा" टाइप केलं की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची रांग. मी नऊला उठलो तेव्हा नोटीस लिफ्टशेजारी चिकटवलेली होती, फुलस्केपवर निळ्या पेनाने, आणि खाली टीप: "संगणक नादुरुस्त असल्याने हस्तलिखित." बिल्डिंगमधल्या तिघांनी मला विचारलं, काय रे, तू घरात असताना?

(त्याचा उपाय दोन मिनिटांचा आहे. एक्सएफसीईच्या सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउटचा टॅब, तिथली "यूज सिस्टिम डिफॉल्ट्स"ची खूण काढायची, "इंडियन" नावाचा देवनागरी लेआउट जोडायचा आणि लेआउट बदलायची बटणं निवडायची. पण हे आदल्या रात्री करायचं असतं.)

दुसरी गंमत म्हणजे राहिलेला कचरा. डेस्कटॉप कितीही बदला, तुमच्या फाइलींचं होम फोल्डर तेच राहतं. त्यातल्या लपलेल्या, सेटिंग्ज ठेवायच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये प्रत्येक जण आपापल्या चिठ्ठ्या ठेवून जातो. केडीई ग्नोमच्या प्रोग्रॅमांसाठी स्वतःची थीम लिहून ठेवतं, मग तुम्ही परत ग्नोममध्ये आलात तरी काही खिडक्या केडीईच्या कपड्यांत दिसतात. कुठली फाइल कशात उघडायची ही यादीही सगळ्यांत एकच असते, म्हणून ग्नोममध्ये फोटोवर क्लिक केलं की केडीईचा ग्वेनव्ह्यू उघडतो. मेनूत दोन टर्मिनल, दोन एडिटर. आई विचारायची, "यातलं आपलं कुठलं?"

आणि मुळातलं दुखणं? ते यातल्या एकाचंही नव्हतं. बँकेचं स्टेटमेंट उघडत नव्हतं म्हणून एकदा चिडून "डिस्क्स" हा प्रोग्रॅम उघडला. त्यात डिस्क निवडून वरच्या मेनूत "स्मार्ट डेटा", म्हणजे डिस्कच्या तब्येतीचा अहवाल, असतो. "करंट पेंडिंग सेक्टर काउंट" समोरचा आकडा शून्य असायला हवा, माझ्याकडे तो चाळिशीच्या पुढे होता. म्हणजे डिस्कचे तेवढे तुकडे वाचताना अडत होते आणि ती परत परत प्रयत्न करत बसायची, तोवर वरचा डेस्कटॉप, कुठलाही असो, ताटकळत उभा. त्यात भर म्हणजे ग्नोमचं ट्रॅकर आणि केडीईचं बालू. दोघंही शोधायला सोपं जावं म्हणून फाइलींची यादी करत असतात, आणि मी दर नव्या डेस्कटॉपसोबत त्या म्हाताऱ्या डिस्कला पहिल्यापासून कामाला लावत होतो. आधी सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर काढल्या, मग हार्ड डिस्कच्या जागी २५६ जीबीचा एसएसडी (तिच्यापेक्षा खूप वेगवान डिस्क) बसवला. पावणेदोन हजारांच्या आत काम झालं. त्या दिवसापासून ग्नोमसुद्धा पळतं.

रॅमचं म्हणाल तर फरक आहे, नाही असं नाही. माझ्याकडे लॉगिन केल्या केल्या ग्नोम दीड जीबीच्या आसपास खायचं, एक्सएफसीई सातशे एमबी. पण ब्राउझरचे आठ टॅब उघडले की दोन्हीकडे रडारड सारखीच. ४ जीबीवर खरा भार ब्राउझरचा असतो.

म्हणून एक्सएफसीई उतरलं की ते तुमच्या रोजच्या खात्यात उघडू नका. सेटिंग्जमधून एक नवीन यूजर बनवा, नाव काहीही द्या, आमच्याकडे "उचापती" आहे. लॉगिनच्या पडद्यावर त्या नावावर क्लिक केलं की उजवीकडे खाली एक दातेरी चाक येतं (नावावर क्लिक करेपर्यंत ते दिसत नाही, मी दोन दिवस शोधत होतो), त्यातून एक्सएफसीई निवडा. ही निवड प्रत्येक यूजरची वेगळी लक्षात राहते, त्यामुळे घरच्यांचं आहे तसंच राहतं. पण त्याआधी त्याच कोऱ्या खात्यात, त्याच चाकातून, तुमचं जुनं ग्नोम चालवून बघा. तिथेही अडखळलं तर बहुतेक दोष डिस्क, रॅम किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा, डेस्कटॉप बदलून काही व्हायचं नाही. तिथे सुरळीत चाललं तर तुमच्या खात्यात कचरा साठलाय, कॉन्फिग फोल्डरचं नाव बदलून परत लॉगिन करा. ब्राउझरच्या सेटिंग्जही त्यात असू शकतात, म्हणून फोल्डर पुसू नका, नावच बदला.

वैताग येण्यात तुमचं काही चुकत नाही. २०११ साली ग्नोम ३ आलं तेव्हा खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स चिडून एक्सएफसीईवर गेले होते, आणि पुढे परत ग्नोमवर आले. मेट आणि सिनॅमनही त्याच रागातून निघाले. केडीई ४ च्या वेळी २००८ मध्ये तिकडेही हेच झालं होतं.

कुठलं एक ठेवू, असं विचारलंत. घरातले ज्याला सरावलेत ते. आमच्याकडे बाबांच्या खात्यात ग्नोम आहे आणि तिथला पासवर्ड आता मला माहीत नाही, त्यांनी बदललाय. माझ्या खात्यात एक्सएफसीई. केडीई काढून टाकणार असाल तर एक लक्षात घ्या: नुसतं "कुबंटू डेस्कटॉप" हे केडीई आणणारं पॅकेज काढलं की त्याच्यासोबत आलेले प्रोग्रॅम जात नाहीत, नंतर ऑटोरिमूव्ह (आता गरज नसलेली पॅकेजं काढणारी आज्ञा) हीही चालवावी लागते. आणि एंटर दाबायच्या आधी काय काय जाणार त्याची यादी एकदा नीट वाचा. एकदा माझं वाय-फायचं पॅकेज त्या यादीत होतं आणि मी चहा पीत पीत एंटर दाबलं.