पहिल्यांदा दही लावताय? आधी एवढं सांभाळा

श्रीखंड नंतर. आधी आठवडाभर रोज फक्त दही लावा, हात बसेल.

१ लिटर म्हशीचं दूध उकळून कोमट होऊ द्या. करंगळी बुडवून दहा आकडे मोजता आले पाहिजेत, म्हणजे साधारण ४० ते ४५ अंश. त्यात १ चहाचा चमचा ताजं, गोड विरजण नीट मिसळा आणि भांडं अजिबात हलवू नका. बहुतेकांचं दही इथेच बिघडतं: दूध जास्त गरम असलं तर विरजणातले जिवाणू मरतात, विरजण जास्त पडलं तर दही आंबट होऊन पाणी सुटतं. बडोद्याच्या मे महिन्यात ४-५ तासांत लागतं, म्हणून रात्रभर बाहेर ठेवू नका. जानेवारीत मात्र भांडं शालीत गुंडाळा, विरजणही दीड चमचा घ्या.

चक्का (बडोद्याच्या दुकानात ‘मस्को’ मागा) घरी करायचा तर दही मलमलीत बांधून फ्रीजमध्येच टांगा, ६-८ तास. १ किलो दह्याचा अंदाजे ४०० ग्रॅम होतो. प्रथिनं त्यात दाट होतात, पण कॅल्शियमचा बराच भाग गळलेल्या पाण्यात जातो. ते पाणी फेकू नका हो! थालीपिठाची किंवा ठेपल्याची कणीक त्यात भिजवा.

रोजच्या जेवणात वाटीभर साधं दही पुरे. कढीत जिवाणू टिकत नाहीत, प्रथिनं आणि कॅल्शियम राहतात.