भारत-चीनसारखे देश ताकदवान होत असताना आपल्या भागाला खरा धोका सीमेवर आहे की समुद्रात? सामान्य माणसाने काय करावं?

समुद्रात. सीमेबद्दल लिहिणारे पुष्कळ भेटतील, म्हणून मी समुद्राचंच लिहितो. याच प्रश्नापायी माझ्या सख्ख्या मामांशी नीट बोलणं उरलेलं नाही.

मी नेरुळला राहतो. न्हावा शेवा बंदरात क्लिअरिंगचं, म्हणजे मालाची कस्टमची कागदपत्रं सोडवण्याचं काम करतो, 21 वर्षं झाली. मामांची निफाडजवळ द्राक्षबाग आहे. इतकी वर्षं ते माल व्यापाऱ्याला देत. 2024 च्या जानेवारीत त्यांचा पहिला कंटेनर थेट रॉटरडॅमला जायचा होता. 40 फुटी रीफर, म्हणजे थंड कंटेनर, सगळी थॉमसन जातीची द्राक्षं. ट्रकच्या मागे गाडी घालून मामा स्वतः उरणपर्यंत आले होते.

बुकिंग डिसेंबरच्या सुरुवातीचं, सुएझमार्गे. 19 नोव्हेंबरला येमेनातल्या हूथी बंडखोरांनी लाल समुद्रात गॅलेक्सी लीडर हे जहाज पळवलं, पण लाइन्स, म्हणजे जहाज कंपन्या, तेव्हा त्या रस्त्याने चालू होत्या. डिसेंबरच्या मध्यावर मोठ्या लाइन्सनी एकेक करून तो रस्ता सोडायला सुरुवात केली. 2 जानेवारीला आमच्याही लाइनचा मेल आला. जहाज आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला वळसा घालणार, म्हणजे सुमारे 4,000 सागरी मैल जास्त, दोन आठवडे उशीर, वर सरचार्ज. मी त्याच संध्याकाळी फोन केला. म्हटलं, मामा, एवढ्यात माल काढू नका, नाहीतर हा कंटेनर दुबईला वळवू. मामा म्हणाले, "येमेनातल्या भांडणाचा माझ्या बागेशी काय संबंध? तू तुझं कमिशन बघ."

माल 38 दिवसांनी उतरला. पेटीत द्राक्षं टिकावीत म्हणून घालतात तो ग्रेपगार्डचा कागद तरी किती तग धरणार? देठ तपकिरी पडलेले, मणीगळ झालेली. घेणाऱ्याने भाव पाडला. मी माझं बिल लावलंच नाही. तरीही मे महिन्यात कल्याणला मावसबहिणीच्या लग्नात, भर पंगतीत मामा म्हणाले, "भाचा आमचा एजंट. मुंबईत बसून शेतकऱ्याला समुद्राच्या गोष्टी सांगतो. देशाला धोका हिमालयात आहे, तिथे पोरं उभी आहेत. समुद्रात काय, व्यापाऱ्यांच्या तिजोऱ्या!"

ते मला अजून पचलेलं नाही.

त्या दिवसांत मी रोज रात्री जहाजांचा नकाशा उघडून बसायचो. लाल समुद्राच्या तोंडाशी असलेली बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी तीसेक किलोमीटरची. एआयएसवर, म्हणजे जहाज आपली ओळख आणि ठिकाण कळवतं त्या यंत्रणेवर, जिथे पुढच्या बंदराचं नाव टाकतात, तिथे काही जहाजांनी लिहिलं होतं, 'सगळे खलाशी चिनी'. मर्चंट नेव्हीत आपली पोरं किती आहेत ते नेरुळ-सीवूड्समध्ये कुणाला सांगावं लागत नाही, आमच्याच इमारतीत तशी तीन घरं आहेत. आणि त्या पाण्यातून जिवंत जायचं तर पाटी चिनी लावायची! तुम्ही विचारता ती ताकद कुठे सरकली, हे मी त्या पाटीत पाहिलं.

पूर्वी या पाण्यावर अमेरिकेचा वचक होता आणि त्याच भरवशावर सगळ्यांचा माल जायचा. डिसेंबर 2023 मध्ये तिने जहाजांच्या राखणीसाठी आघाडी काढली, तर सौदी गेला नाही, चीन गेला नाही, भारतही गेला नाही. चीनचा 2017 पासून जिबूतीत तळ आहे, सामुद्रधुनीच्या तोंडाशी. मार्च 2023 मध्ये इराण-सौदीचा समेट त्यानेच घडवला. पण हूथींकडून मिळालं ते चिनी आणि रशियन जहाजांपुरतं आश्वासन. तेही टिकलं नाही, मार्च 2024 मध्ये हुआंग पू या चिनी मालकीच्या टँकरला क्षेपणास्त्र लागलंच. वर येणाऱ्या प्रत्येक देशाला समुद्र मोकळा हवा आहे, सगळ्यांसाठी राखणीला उभं राहायला मात्र कुणी तयार नाही. माझ्या मते मोठा धोका हाच.

भारताने आपली जहाजं स्वतंत्र धाडली, ते बरोबरच केलं. 26 जानेवारी 2024 ला हूथींच्या माऱ्याने मार्लिन लुआंडा हे टँकर जहाज पेटलं, त्यावर 22 भारतीय होते. आग विझवायला आयएनएस विशाखापट्टणमची माणसं त्यावर चढली. मार्चमध्ये आयएनएस कोलकाताने चाच्यांनी पळवलेलं रुएन जहाज सोडवलं, 17 खलाशी सुखरूप, आणि 35 चाचे धरून मुंबईला आणले. ती बातमी बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण त्याआधी 23 डिसेंबरला केम प्लुटो या टँकरवर ड्रोन आदळला तो येमेनजवळ नाही, गुजरातच्या किनाऱ्यापासून दोनशेएक सागरी मैलांवर. अमेरिका म्हणाली इराणमधून सुटला, इराणने हात झटकले. आपल्या अंगणात येऊन कुणी मारलं यावरच वाद, याला मी सुरक्षित म्हणणार नाही.

'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे मामांचं लाडकं वाक्य, 1962 साली यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हाचं. मलाही ते आवडतं. पण ज्या कल्याणात मामा पंगतीत बोलले, तिथल्याच खाडीत महाराजांनी आरमाराची जहाजं बांधायला घेतली होती. तेव्हा ती काय व्यापाऱ्यांच्या तिजोऱ्यांसाठी?

सीमा कमी महत्त्वाची असं मी म्हणत नाही. गलवानमध्ये 2020 साली 20 जवान गेले, ते कोण विसरेल? आणि हूथींनी कारण गाझाचं दिलं होतं, सगळं खापर चीन-अमेरिकेवर फोडता येणार नाही. पण गाझात शस्त्रसंधी झाल्यावर रस्ता मोकळा झाला असं धरून चालणाऱ्यांनी जुलै 2025 आठवावा. जानेवारीतली शस्त्रसंधी मार्चमध्ये मोडली होती, आणि जुलैत हूथींनी मॅजिक सीज आणि इटर्निटी सी अशी दोन जहाजं एकाच आठवड्यात बुडवली.

सामान्य माणसाचं म्हणाल, तर माल बाहेर पाठवत असाल तर करारात उशिराचा तोटा कुणाचा ते आधी लिहून घ्या. साध्या मरीन इन्शुरन्समध्ये निव्वळ उशिराने झालेली नासाडी धरत नाहीत आणि युद्धाची जोखीम वेगळी घ्यावी लागते. आणि एजंट जेव्हा फोन करून थांबा म्हणतो, तेव्हा तो दरवेळी स्वतःचं कमिशन मोजत नसतो.

मामा, कुणी तुम्हाला हे वाचून दाखवलं तर सांगतो, 2 जानेवारीचा तो मेल मी छापून ठेवलाय. कोर्टकचेरीसाठी नाही. नेरुळला या, जेवायलाच या, तुमच्यासमोर ठेवतो.