भुयारातल्या गाड्या, हात लावून पाहायच्या

प्रश्न : लेकीकडे न्यूयॉर्कला चालली. नातू आठ वर्षांचा. तिथलं भुयारी रेल्वेचं संग्रहालय पाहून कंटाळंल का जी? – एक आजी, घाटंजी

उत्तर : आजी, बिनधास्त न्या! ब्रुकलिनमधलं हे संग्रहालयच मुळी १९३६ साली बांधलेल्या अन् १९४६मध्ये बंद पडलेल्या भुयारी स्थानकात आहे. वर तिकिटाचे जुने फिरते दांडे नातवाला ढकलू द्या, बसच्या स्टिअरिंगवर बसवा. पण खरा वेळ ठेवा खालच्या फलाटासाठी. तिथं जुने डबे रुळांवरच उभे आहेत, आत शिरून बसता येतं. वेताची बाकं, छताला पंखे, त्या काळच्या जाहिराती! मला तर आपल्या शकुंतलेत, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूरच्या त्या छोट्या रेल्वेत, बसल्यागत वाटलं. सोमवारी-मंगळवारी मात्र जाऊ नका, बंद असतं; बाकी दिवसांचंही आधी पाहून घ्या.