मुलाला काय सांगायचं? हृदयाच्या ऑपरेशनआधीचे प्रश्न

मुलगी साडेचार वर्षांची आहे. हृदयाच्या पडद्याला छिद्र असल्यामुळे पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. सासूबाई म्हणतात, तिला काही सांगू नका, ‘फिरायला जातोय’ म्हणून घेऊन चला. तसं करावं का?

नको. त्यामागची माया मला कळते. पण फिरायला म्हणून नेलेल्या मुलाला सुई टोचली, की आपल्याला फसवलं हे त्याला लगेच कळतं. जेव्हा तुमचाच आधार हवा असतो, नेमका तेव्हा तो डळमळतो.

या वयात दोन-तीन दिवस आधी सांगा. फार आधी सांगितलं तर ती भीती उगाळत बसेल. ‘तुझ्या हृदयात छोटंसं भोक आहे, डॉक्टर ते बंद करतील. तेव्हा तुला औषधाची झोप येईल, त्यात काही दुखत नाही. झालं की उठवतील,’ एवढं पुरे. नुसतं ‘झोपवणार’ म्हणू नका. पुढे घरी रात्री डोळे मिटायला घाबरणारी मुलं मी पाहिली आहेत. ‘अजिबात दुखणार नाही’ हेही नको. जाग आल्यावर छाती दुखेल, तेव्हा सांग, औषध देतील, असं खरं सांगा. आणि ही शिक्षा नाही, तिची काही चूक नाही, हे तिने विचारलं नाही तरी आवर्जून सांगा.

मग तिला बोलू द्या. एक चिमुरडी दोन दिवस गप्प होती. बाहुलीच्या छातीवर पट्टी चिकटवता चिकटवता तिने हळूच विचारलं, ‘हृदय उघडलं की त्यातली आई बाहेर पडेल का?’ ‘तू माझ्या हृदयात आहेस’ असं आई तिला रोज म्हणायची, तेच तिने उलटं धरलं होतं. हे आधी कळलं नसतं, तर ती भीती घेऊनच ती आत गेली असती.

ऑपरेशन चार दिवसांवर आलंय आणि मुलाचं नाक वाहतंय. तारीख जाईल म्हणून सांगायचं धाडस होत नाही.

आजच फोन करा. सर्दी-खोकल्यात श्वासनलिका चिडलेली असते. अशा वेळी भूल देणं आणि नंतर व्हेंटिलेटर काढणं, दोन्ही अवघड होऊ शकतं. तारीख काही आठवडे पुढे गेली तर वाईट वाटेल, पण ते सोसा. ताप, जुलाब, अंगावरचं पुरळ, घरात कुणाला आलेल्या कांजिण्या, हेही सांगा. किडलेला दात तर त्याआधीच दाखवून घ्यायला हवा, कारण तिथले जंतू रक्तातून हृदयाच्या अस्तरापर्यंत पोचू शकतात.

आठ महिन्यांच्या बाळाला किती वेळ उपाशी ठेवायचं?

साधारणपणे भुलीआधी वरचं दूध आणि खाणं ६ तास, आईचं दूध ४ तास, पाणी २ तास बंद. तुमच्या भूलतज्ज्ञांनी दिलेली वेळ मात्र अंतिम. पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जाऊ नये म्हणून हे करतात, तेव्हा दया येऊन कुणी चमचाभर दूध पाजणार नाही एवढं बघा. बाळ निळं पडत असेल तर ‘शेवटचं पाणी कधी पाजू?’ हे मुद्दाम विचारा. अशा बाळाच्या अंगातलं पाणी कमी होणं बरं नाही.

आयसीयूत त्याला बघून मी कोसळेन अशी भीती वाटते.

काय दिसणार ते आधी माहीत असलं की पाय तितके लटपटत नाहीत. तोंडात श्वासाची नळी असेल, त्यामुळे ती निघेपर्यंत आवाज निघणार नाही. छातीतून द्रव काढणाऱ्या नळ्या, मानेत आणि हातात सुया, लघवीची नळी. चेहरा सुजलेला असेल, ती सूज उतरते. नर्सना विचारून हात धरा, नेहमीच्या आवाजात बोला. रडू आलं तर येऊ द्या.

घरी आल्यावर उचलायचं कसं?

छातीच्या मधल्या हाडातून ऑपरेशन झालं असेल, तर ते जुळायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. तोवर काखेत हात घालून किंवा दंड धरून उचलू नका. एक हात ढुंगणाखाली, दुसरा मानेखाली आणि पाठीला. घरातल्या प्रत्येकाला हे एकदा करून दाखवा, मोठ्या भावंडांनाही.