सोनेरी विषारी बेडकाचं विष येतं कुठून?

तुम्ही विचारलंय, "कोलंबियातल्या सोनेरी बेडकाला प्राणीसंग्रहालयात ठेवलं की त्याचं विष जातं, हे खरं का? मग ते मुळात येतं कुठून?"

येतं खाण्यातून. पण ते लगेच जात नाही. जंगलातून धरून आणलेल्या बेडकाच्या कातडीत विष वर्षानुवर्षं टिकतं. काचेच्या पेटीत जन्मलेल्या पिलांत मात्र ते कधी तयारच होत नाही.

मी हा बेडूक परदेशात एका मत्स्यालयात पाहिला. हळदीसारखा पिवळाजर्द, लांबी जेमतेम पाच सेंटिमीटर. नेमकी त्यांच्या जेवणाची वेळ होती. पिकल्या केळ्यांभोवती घोंघावतात तसली चिलटं, पण उडता न येणारी, मुद्दाम वाढवलेली. तिथल्या बाईंनी ती डबीत घेतली, कॅल्शियमची पांढरी पूड टाकून डबी हलवली आणि ती पिठाळलेली चिलटं आत सोडली. बेडकाच्या मागच्या पायाचं एक बोट टपटप हलायला लागलं. जीभ कधी बाहेर आली ते कळलंच नाही, समोरचं चिलट तेवढं गायब!

या ताटात विष नाही, म्हणून बेडकातही नाही. कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या जंगलात हाच बेडूक दिवसभर पालापाचोळ्यात मुंग्या, बारीक भुंगेरे, माइट (आपल्याकडे पिकावर लाल कोळी पडतो ना, त्याचे भाऊबंद) टिपत असतो. त्याचं विष म्हणजे बॅट्रॅकोटॉक्सिन. एका रानटी बेडकात ते साधारण मिलिग्रॅमभर असतं आणि तेवढ्यात कित्येक माणसं दगावू शकतात. तिथल्या एम्बेरा आदिवासींचे शिकारी परंपरेने फुंकणीच्या बाणाचं टोक नुसतं त्याच्या पाठीवर घासत आलेत.

नेमका कोणता किडा हे विष पुरवतो, ते कोलंबियात अजून हाती लागलेलं नाही. धागा मिळाला तो पार न्यू गिनीत. तिथल्या पिटोहुई पक्ष्याच्या पिसांत १९९२ मध्ये याच जातीचं विष सापडलं आणि २००४ मध्ये ते तिथल्या कोरेसिन नावाच्या बारक्या भुंगेऱ्यांतही मिळालं. कोलंबियातही त्या भुंगेऱ्यांचे नातेवाईक आहेत, त्यामुळे संशयाची सुई त्यांच्याकडे वळते. मला हे पटतं. पण हा बेडूक आधीच संकटग्रस्त, त्याचं जंगल कोका आणि बेकायदा खाणींपायी तुटतंय, म्हणजे तो पुरवठादार किडाही त्याच पालापाचोळ्यासोबत चाललाय.

सगळेच बेडूक असे उधारीवर जगत नाहीत बरं का. ऑस्ट्रेलियातला काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा कोरोबोरी बेडूकही मुंग्याच खातो, पण स्यूडोफ्रायनामाइन हे आपलं विष स्वतःच्या अंगात बनवतो.

पेटीतल्या बेडकाला हात लावला तर? मीही बाईंना हेच विचारलं. तुम्हाला काही होणार नाही, म्हणाल्या, पण तुमच्या बोटांवरचं मीठ नि सॅनिटायझर त्याच्या कातडीतून आत जाईल.